जाहिरातीच्या डिझाइनसाठी डिस्प्ले फॉन्ट कसा निवडता?

रानजाई

नमस्कार मंडळी,

गेली तीन वर्षं मी एका छोट्या टीममध्ये डिजिटल जाहिरातींची डिझाइन करते. इन्स्टाग्रामच्या पोस्ट, स्टोरी, यूट्यूबची थंबनेल, वेबसाइटचे बॅनर, ईमेल, जे येईल ते. मजकूर बहुतेक मराठी, अधूनमधून रोमन. मांडणी, रंग, फोटो यांत आता हात बसलाय. पण हेडलाइनचा फॉन्ट निवडायची वेळ आली की तासभर यादी वरखाली करत बसते आणि शेवटी डोळ्यांना गोड वाटेल तो लावते.

गेल्या महिन्यात हे अंगाशी आलं. एका ऑनलाइन अभ्यासक्रमाची मोहीम होती. ब्रशनं ओढल्यासारखा एक जाडजूड फॉन्ट मिळाला, अक्षरांना छान झोक होता. त्यात 'आजच अर्ज भरा' लिहिलं. मॉनिटरवर सगळ्यांना आवडलं, पोस्ट गेली. तासाभरात पहिली कमेंट: "अर्ज मरा म्हणजे काय?" फोन हातात घेऊन पाहिलं तर खरंच तसं दिसत होतं. त्या फॉन्टमध्ये भ च्या डोक्यावरची फट इतकी अरुंद की लहान आकारात ती बुजली आणि भ चा म झाला. पोस्ट लगेच काढली, पण ती ओळ डोक्यातून जात नाही.

तर विचारायचं असं की तुम्ही डिस्प्ले फॉन्ट निवडता तेव्हा आधी काय बघता? एका डिझाइनमध्ये किती फॉन्ट चालतात? देवनागरीत भरवशाचे कोणते? आणि 'काहीतरी हटके लावा' म्हणणाऱ्या क्लायंटला काय सांगता?

टिंब

आमच्या एका बॅनरवर 'घर' चं 'धर' झालं होतं. त्यामुळे दुःख पोचलं. धागा वाचतोय.

बोरू

रानजाई, चांगला विषय. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुष्कळ गोंधळ तिथूनच होतो. डिस्प्ले फॉन्ट म्हणजे शोभेचा फॉन्ट नव्हे. डिस्प्ले म्हणजे मोठ्या आकारात वापरायला घडवलेला. मोठ्या आकारात अक्षराला ज्या गोष्टी परवडतात त्या लहान आकारात परवडत नाहीत: केसासारखी बारीक रेघ, अक्षराच्या पोटातली अगदी चिंचोळी पोकळी, एकमेकांना खेटून बसलेली अक्षरं. घडवणाऱ्याने त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात. ते अक्षर तुम्ही २० पिक्सेलवर लावलंत तर दोष त्याचा नाही.

दोन टोकाची उदाहरणं देतो, दोन्ही गूगल फॉन्ट्सवर, म्हणजे गूगलच्या मोफत फॉन्टसंग्रहात, आहेत. 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा 'मोदक' बघा. अक्षरं इतकी गुबगुबीत की आतल्या पोकळ्यांच्या नुसत्या रेघा उरल्यात. एकच शब्द, पडद्याच्या निम्म्या रुंदीत, तर काय देखणा दिसतो! तोच तळटिपेत लावा, काळे ठिपके दिसतील. दुसरं टोक म्हणजे इंडियन टाइप फाउंड्रीचा 'रोझा वन'. त्यात जाड रेघ खूप जाड आणि बारीक रेघ खूप बारीक. मोठ्या आकारात रुबाबदार. पण व्हॉट्सॲपवरून फिरता फिरता चित्र दोनदा दाबलं गेलं की बारीक रेघा विरतात आणि जाड खांब तेवढे उरतात.

म्हणून पहिली चाचणी: देवनागरीत ज्या जोड्या एखाद्या रेघेवर किंवा फटीवर वेगळ्या ओळखल्या जातात, त्या त्या फॉन्टमध्ये शेजारी शेजारी लिहून बघायच्या. भ-म, ध-घ, ब-व, ष-प, थ-य. ब आणि ष च्या पोटातली तिरकी रेघ जाड फॉन्टमध्ये सगळ्यात आधी मरते. या पाच जोड्या तुमच्या प्रत्यक्ष आकारात वेगळ्या दिसल्या तर पुढे जा, नाहीतर तो फॉन्ट कितीही गोड असो, या कामाचा नाही.

रानजाई

बोरू, या पाच जोड्या आधी माहीत असत्या तर! आत्ताच त्या ब्रशच्या फॉन्टमध्ये लिहून पाहिल्या. ध-घ सुद्धा एकच दिसतायत.

केदार_क

जरा वेगळं मत मांडतो. मी डिझायनर नाही, मार्केटिंगचा माणूस आहे. बोरू म्हणतात ते बरोबर आहे, पण तो दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की माणूस थांबला का? अंगठा सरकत असतो, तुमच्या पोस्टला क्षणभर मिळतो. तेवढ्यात सगळं नीट वाचता येण्यापेक्षा 'हे काहीतरी वेगळं आहे' हे जाणवणं महत्त्वाचं. सगळ्यांनी वाचायला सोपा म्हणून तेच दोन-तीन फॉन्ट धरले तर सगळ्यांच्या जाहिराती एकाच घरातल्या भावंडांसारख्या दिसतात. आज फीड उघडून बघा, तेच झालंय.

थंबनेलला तर मी तीनपेक्षा जास्त शब्द ठेवूच देत नाही. तीन शब्दांना किती वाचनीयता लागते? तिथे फॉन्टचा स्वभावच बोलतो. थंबनेल करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: १२८० बाय ७२० च्या त्या चित्रात उजवीकडे खाली व्हिडिओची लांबी दाखवणारी काळी चौकट येते. शेवटचं अक्षर तिच्याखाली गेलं की तुमचा फॉन्ट कोणता होता याला अर्थ उरत नाही.

निळीशाई

@केदार_क, असहमत. माणूस थांबतो तो चेहऱ्याला, रंगाला, मोकळ्या जागेला. फॉन्टला थांबतो ते आपल्यासारखे लोक. थांबलेल्या माणसाला काय ते पटकन सांगणं हे अक्षराचं काम. थांबला आणि त्याला 'अर्ज मरा' दिसलं, तर थांबवून मिळवलं काय?

आणि 'तीन शब्दांना किती वाचनीयता लागते' म्हणता, तर 'आजच अर्ज भरा' हे तीनच शब्द आहेत.

एक हिशोब देते, टीममध्ये नवीन आलेल्या प्रत्येकाला करायला लावते. पोस्टची रुंदी १०८० पिक्सेल. फोनचा पडदा साधारण सात सेंटीमीटर रुंद धरा. म्हणजे तुम्ही ४० पिक्सेलचं घेतलेलं अक्षर हातात येतं तेव्हा जेमतेम अडीच मिलीमीटर असतं, आणि त्यातच वर मात्रा, वेलांटी, खाली उकार बसलेले. हा हिशोब एकदा कागदावर मांडला की मॉनिटरवर भुलायचं थांबतं. मी डिझाइन पूर्ण व्हायच्या आधीच, नुसती हेडलाइन टाकली की, चित्र स्वतःला पाठवते आणि फोन हातभर लांब धरून वाचते. उन्हातही एकदा.

केदार_क

तीन शब्दांचा मुद्दा मान्य, तिथे चुकलो. पण सगळे एकसारखे दिसतात ही तक्रार कायम आहे. त्याचं उत्तर कोणी दिलेलं नाही.

सातवा_मजला

फॉन्टच्या रूपाइतकंच त्याच्या परवान्याकडेही बघा, ही हात जोडून विनंती. मी पूर्वी जिथे काम करायचो तिथे एका फुकट डाउनलोडच्या साइटवरून कोणीतरी फॉन्ट उतरवला होता. सोबतच्या टेक्स्ट फाइलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, फक्त वैयक्तिक वापरासाठी. ती फाइल कोणी उघडलीच नाही. मोहीम जोरात चालली, आणि चालली म्हणूनच फॉन्ट करणाऱ्याच्या नजरेत आली. पत्र आलं. दोन दिवसांत प्रत्येक पोस्ट, प्रत्येक बॅनर शोधून शोधून बदलावा लागला, परवाना नंतर वेगळा घ्यावा लागला. आणि त्या माणसाची बाजू शंभर टक्के बरोबर होती. एकेक अक्षर घडवायला त्याने महिने घातलेले असणार.

विकतचा परवानाही नीट वाचा. संगणकावर डिझाइन करायचा परवाना वेगळा असू शकतो, वेबसाइटवर फॉन्टची फाइल चढवायचा वेगळा, ॲपमध्ये घालायचा वेगळा. चित्र बनवून टाकलंत तर बहुधा पहिला पुरतो, पण वेबसाइटच्या हेडलाइनला तोच फॉन्ट हवा म्हणालात की गोष्ट बदलते.

ऋतुगंध

मग गूगल फॉन्ट्सवरचे बिनधास्त वापरता येतात का? लोगोतसुद्धा?

सातवा_मजला

ऋतुगंध, तिथले बहुतेक एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, आवृत्ती १.१, २००७ ची. व्यावसायिक काम, लोगो, छपाई, वेबसाइट, सगळं चालतं. नुसता फॉन्ट सुटा विकायचा नाही, आणि काही नावं राखीव असतात, त्यामुळे फॉन्टमध्ये बदल करून तेच नाव लावता येत नाही. मी प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये फॉन्टसोबत परवान्याची फाइल ठेवतो. वर्षभरानं कोणी विचारलं तर शोधाशोध नको.

शिरोरेखा

देवनागरीची हाताळणी हा वेगळाच विषय आहे आणि तो कोणी शिकवत नाही. बहुतेक धडे रोमन अक्षरांसाठी लिहिलेले असतात, तेच आपण मराठीला लावतो आणि फसतो.

रोमन हेडलाइनला ऐट आणायची सोपी युक्ती म्हणजे अक्षरांमधलं अंतर वाढवणं. मराठीत ते केलं की शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. काना एकीकडे, वेलांटी दुसरीकडे. कॅपिटल अक्षरं आपल्याकडे नाहीत, त्यामुळे 'सगळं कॅपिटलमध्ये' हा मार्गही बंद. जोर आणायचा तर जाडी, आकार, रंग आणि मोकळी जागा, एवढंच हातात आहे. आणि ते पुरतं.

शब्द जागेत बसत नाही म्हणून कोपरा धरून आडवा दाबू नका. दाबलं की उभे खांब बारीक होतात आणि शिरोरेखा मात्र आहे तेवढीच जाड राहते; शब्दावर फळी ठेवल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा मुळातच अरुंद घडवलेला फॉन्ट घ्या. 'खंड' आणि 'टेको' आहेत. नाहीतर एक टाइपचा 'अनेक देवनागरी' घ्या. तो व्हेरिएबल आहे, जाडी १०० ते ८०० आणि रुंदी ७५ ते १२५ अशी सरकवता येते. रुंदी कमी केली तरी रेघांचं गणित फॉन्ट स्वतः सांभाळतो. ज्या दिवशी मला तो सापडला त्या दिवशी मी जुन्या सगळ्या फायली उघडून दाबलेले शब्द सुधारत बसले होते.

आता स्ट्रोक. फोटोवर अक्षर उठावं म्हणून आपण पांढरी कड देतो. मराठी शब्दाला दिली की प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर उभी चीर दिसते, कारण शिरोरेखा सलग नसते. प्रत्येक अक्षराचा तुकडा पुढच्यावर किंचित चढलेला असतो आणि स्ट्रोक प्रत्येक तुकड्याभोवती फिरतो. उपाय असा: मजकुराची एक प्रत बाजूला ठेवा, दुसरीचे आउटलाइन करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करा, डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधल्या पाथफाइंडरमधून सगळे तुकडे एकत्र जोडा, मग त्या एकसंध आकाराला बाहेरून स्ट्रोक द्या. प्रत बाजूला ठेवायला विसरू नका, कारण आउटलाइन केल्यावर शुद्धलेखनाची चूक सापडली तर पहिल्यापासून करावं लागतं.

टिंब

सांध्यावरच्या चिरा! इतकी वर्षं मला वाटायचं माझ्या संगणकातच बिघाड आहे.

रानजाई

शिरोरेखा, आत्ता करून पाहिलं. 'अर्ज' च्या रफारावरची चीर सुद्धा गेली. मनापासून आभार. दोन ओळींची हेडलाइन असेल तर ओळींमधलं अंतर किती ठेवता? माझ्याकडे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला धडकतो.

शिरोरेखा

ठरीव आकडा नाही. रोमनला हेडलाइनमध्ये आकाराइतकंच अंतरही चालून जातं. मराठीला मी आकाराच्या सव्वापटीपासून सुरुवात करते आणि मग शब्द बघते. वरच्या ओळीत उकार नसतील आणि खालच्या ओळीत रफार-मात्रा नसतील तर खुशाल जवळ आणा. धडकत असतील तर आधी ओळ दुसऱ्या शब्दावर तोडून बघा. 'कौशल्यं शिकून / पुढे जा' आणि 'कौशल्यं / शिकून पुढे जा' यांत कोणता उकार कशाच्या डोक्यावर येतो ते बदलतं. अंतर न वाढवताच प्रश्न सुटतो, बरेचदा.

बोरू

शिरोरेखा यांच्या प्रतिसादाला प्लस वन. माझ्याकडून आणखी एक चाचणी. नवीन मराठी फॉन्ट हाती आला की मी हे शब्द लिहितो: ॲप, वाऱ्यावर, तऱ्हा, उद्ध्वस्त, हृदय, चिठ्ठी, ज्ञान, शिल्लक.

ॲ हा वर्ण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणात, २००८ साली आला, ५.१ आवृत्तीत. त्याआधीच्या किंवा निष्काळजीपणे केलेल्या फॉन्टमध्ये तो नसतो. मग संगणक गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधला ॲ आणून बसवतो, आणि 'ॲप' मधला ॲ एका वळणाचा, प दुसऱ्या वळणाचा. आता डिजिटल जाहिरातीत 'ॲप' हा शब्द किती वेळा येतो सांगा! 'वाऱ्यावर' मधला अर्धा र मराठीची खास ओळख आहे. हिंदीपुरता विचार करून केलेल्या फॉन्टमध्ये तो मोडतो. 'उद्ध्वस्त' मध्ये जोडाक्षराचं पाणी कळतं. 'शिल्लक' मध्ये श आणि ल मराठी वळणाचे येतात का ते दिसतं.

ऋतुगंध

हिंदी वळणाचा ल आला तर एवढं काय बिघडलं? वाचता तर येतोच.

बोरू

वाचता येतो, पण मराठी वाचणाऱ्याला परका वाटतो. आपण ज्या लोकांना 'आम्ही तुमच्याशी बोलतोय' म्हणतोय त्यांच्याच अक्षराचं वळण चुकवायचं? आणि बऱ्याच चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात. युनिकोडमध्ये ल एकच आहे, वळण भाषेवरून ठरतं. वेबपानावर भाषा मराठी अशी नोंदवा, डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडा. फॉन्टमध्ये सोय असेल तर अक्षरं आपोआप पालटतात. एका निवडीचं काम आहे.

ऋतुगंध

हे माहीत नव्हतं. बदलून पाहिलं, खरंच पालटली. मागे घेते.

पिंपळपान

मी डिझायनर नाही, इथे वाचक म्हणून लिहितोय. माझी नजर अधू आहे. फोनवर अक्षरं मोठी करून वाचतो. पण जाहिरातीतलं अक्षर चित्रात असतं, ते वाढत नाही, नुसतं फाटतं. माझ्यासाठी सगळ्यात त्रासाचं म्हणजे फोटोवर थेट लिहिलेली बारीक, नाजूक अक्षरं, त्यातही फिकट रंगात. तुम्ही सगळे इतक्या मनापासून अक्षरांवर बोलताय म्हणून सांगावंसं वाटलं. चित्रासोबतच्या मजकुरात तीच हेडलाइन साध्या शब्दांत पुन्हा लिहिलीत तर माझ्यासारख्यांचं काम होतं.

निळीशाई

पिंपळपान, लिहिलंत हे फार बरं केलंत. आजपासून आमच्या कॅप्शनची पहिली ओळ म्हणजे हेडलाइन, हे मी टीमच्या यादीत घालतेय.

बाकीच्यांसाठी: वेबच्या सुगम्यतेचे जे निकष आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यांत साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, लागतो. मोठ्या मजकुराला, म्हणजे १८ पॉइंट किंवा ठळक असल्यास १४ पॉइंटपासून पुढे, ३ ला १ चालतो. डिस्प्ले फॉन्ट मोठाच असतो म्हणून लोक दुसऱ्या आकड्यावर विसंबतात. पण रोझा वनसारख्या फॉन्टची बारीक रेघ मोठ्या आकारातही बारीकच असते. तिथे मी पहिलाच आकडा धरते.

मृण्मयी_

किती फॉन्ट, या प्रश्नाला कोणी हात घातला नाही. माझं उत्तर: मोठ्या आवाजात बोलणारा एकच. बाकी सगळं एका शांत फॉन्टच्या दोन जाड्यांत. दोन डिस्प्ले फॉन्ट एकाच चौकटीत म्हणजे दोन माणसं एकाच वेळी ओरडतायत. शांत फॉन्ट म्हणून 'मुक्ता' मला आवडतो, सात जाड्या आहेत, आणि तो हेडलाइनशी भांडत नाही.

रोमन मिसळायचं असेल तर दोन्ही लिप्या एकत्र घडवलेला फॉन्ट घ्या. 'बलू २', 'पॉपिन्स', 'मुक्ता', तिन्हींत देवनागरी आणि रोमन एका स्वभावाचे आहेत. लोक 'बेबस नॉय' आवडतो म्हणून मराठी मजकुराला लावतात. त्यात देवनागरी नाहीच! मग यंत्र जे देईल ते. बेबसच हवा असेल तर त्याच्यासोबत 'टेको' किंवा 'खंड' हाताने निवडा, आणि आकार डोळ्यानं जुळवा. दोन्हींना ६० लिहिलं म्हणून ते सारखे दिसत नाहीत. मी रोमन अक्षराची उंची शिरोरेखेपाशी जुळते का ते बघते.

केदार_क

@मृण्मयी_, एकच डिस्प्ले फॉन्ट, पण दर मोहिमेला तोच की दर वेळी नवा? आमच्या एका कामात आम्ही दोन वर्षं एकच हट्टानं धरला. शेवटी शेवटी लोक लोगो न बघता पोस्ट ओळखायला लागले. म्हणून मी नव्याच्या विरोधात आहे. वर म्हणालो ती 'सगळे सारखे' ही तक्रार सुटते ती असा एक स्वतःचा फॉन्ट धरून ठेवल्यानं, रोज बदलल्यानं नव्हे.

पूर्वी फेसबुकवर जाहिरातीच्या चित्रात २० टक्क्यांपेक्षा जास्त मजकूर चालायचा नाही. २०२० मध्ये ती अट काढली. मला ती अट आवडायची. तिनं शब्द कमी करायला लावले होते, आणि शब्द कमी झाले की फॉन्ट मोठा होतो. आता कोणी अडवत नाही, म्हणून लोक चित्रात परिच्छेद लिहितात आणि मग म्हणतात फॉन्ट वाचता येत नाही.

मृण्मयी_

केदार, ब्रँडचा फॉन्ट कायम ठेवावा हे पटतं. मी मोहिमेपुरता फक्त एक शब्द वेगळा करते. बटण, तारीख, नाव, सगळं कायमच्या फॉन्टमध्ये. तो एक शब्द मात्र त्या मोहिमेचा. ओळखही राहते आणि नवेपणाही.

बोरू

त्या एका शब्दावरून थोडं विषयांतर. तो शब्द फॉन्टनंच लिहायला हवा असं नाही. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली नावं आठवा. फॉन्ट नाही, काही नाही. प्रत्येक नाव हातानं, त्या नाटकाच्या स्वभावाचं. शब्द वाचायच्या आधी त्याचा भाव पोचायचा. २०२० मध्ये ते गेले तेव्हा मी माझ्याकडची जुनी कात्रणं काढून बसलो होतो. त्यांतलं एक तासभर न्याहाळलं. शिरोरेखा एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला निमुळती, आणि शेवटच्या अक्षराचा काना त्या निमुळत्या टोकाला बरोबर पेलून धरतोय. फॉन्टमध्ये काना प्रत्येक ठिकाणी सारखाच येणार. हाताला तो काना त्याच जागेचा आहे हे माहीत असतं.

र. कृ. जोशींचंही नाव घ्यायलाच हवं. विंडोजमधला 'मंगल' त्यांनी घडवला. आज तो साधा वाटेल, पण संगणकावर मराठी वाचायची वाट बहुतेकांसाठी त्यानंच मोकळी केली. हाच माणूस सुलेखनही तितक्याच ताकदीनं करायचा. म्हणजे पडद्यासाठी कुठे संयम ठेवायचा आणि कुठे हात मोकळा सोडायचा, दोन्ही कळत होतं.

तेव्हा रानजाई, मोहिमेचा तो एक शब्द कधीतरी जाड मार्करनं कागदावर पंचवीस वेळा लिहा. एखादा जमतो. त्याचा फोटो काढून वेक्टर, म्हणजे कितीही मोठा केला तरी न फाटणारा आकार, करून घ्या.

शिरोरेखा

विषयांतर चालू द्या, असं विषयांतर रोज हवं. फॉन्टमध्येही हाताची आठवण जपणारे आहेत. 'यात्रा वन' हा मुंबईच्या लोकलच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला आहे, आणि एक टाइपचा 'जैनी' जैन कल्पसूत्राच्या हस्तलिखितांतल्या वळणावरून. पण त्यांचा वास ओळखून वापरा. जैनीत 'नवीन मोबाइल ॲप' लिहिलं तर अक्षर एक सांगतं आणि शब्द दुसरं.

सातवा_मजला

ईमेलबद्दल एक सांगायचं राहिलं. जीमेल तुमचा वेब फॉन्ट आणत नाही, साध्या फॉन्टवर उतरतो. ॲपल मेलमध्ये दिसतो. म्हणून ईमेलची डिस्प्ले हेडलाइन चित्र म्हणून द्यावी लागते, पण काहींच्या ईमेलमध्ये चित्रं बंद असतात. त्या चित्राला पर्यायी मजकूर लिहिला नसेल तर तिथे रिकामी चौकट दिसते. पिंपळपान म्हणाले तेच इथेही लागू.

वेबसाइटवर उलट: तिथे हेडलाइन चित्रात घालू नका, खरा मजकूर ठेवा. फॉन्ट उतरेपर्यंत दुसरा फॉन्ट दिसू द्या, सीएसएसमध्ये तशी सोय आहे. पण दोन्ही फॉन्टची रुंदी फार वेगळी असेल तर मूळ फॉन्ट येताच दोन ओळींची हेडलाइन तीन ओळींची होते आणि खालचं बटण वाचणाऱ्याच्या बोटाखालून सरकतं. पर्यायी फॉन्ट निवडताना रुंदी जवळपासची बघा.

रानजाई

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. काय केलं ते सांगते.

ब्रशचा फॉन्ट काढून टाकला. बोरूंच्या पाच जोड्या आणि आठ शब्दांची एक फाइल बनवली, ती आता प्रत्येक नव्या फॉन्टमध्ये आधी उघडते. त्यातच चार आवडते फॉन्ट बाद झाले, त्यांतल्या तिघांत ॲ नव्हताच. परवान्याच्या फायली शोधल्या. एकाची सापडली नाही, तोही काढला.

मोहीम पुन्हा केली. वर एकच शब्द 'प्रवेश', मोदकमध्ये, चौकटीच्या निम्म्याहून रुंद. खाली 'आजच अर्ज भरा', बलू २ च्या सगळ्यात जाड वजनात, गडद निळ्यावर पांढरा, स्ट्रोक नाही, सावली नाही. क्लायंटला 'हटके' हवं होतं, तर मृण्मयी यांचं वाक्य वापरलं, की मोठ्या आवाजात बोलणारा एकच. त्यांना दोन्ही नमुने फोनवर पाठवले, मॉनिटरवर दाखवलेच नाहीत. त्यांनी नवा निवडला.

एक शंका उरली आहे. बलू २ मध्ये भ च्या डोक्यावरची फट मला स्पष्ट दिसते, पण आता मी इतक्यांदा पाहिलंय की माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही. पोस्टचं चित्र खाली जोडलंय. कोणी फोनवर बघून सांगाल का?

निळीशाई

हात लांब करून पाहिलं. 'भरा'. उन्हात उद्या बघते.

पिंपळपान

मला वाचता आलं, चष्म्याशिवाय. वरचं 'प्रवेश' आधी दिसलं, मग खालचं. फट दिसते.

टिंब

घरातल्या तिघांना काही न सांगता फोन दाखवला. तिघांनीही 'भरा' वाचलं.